नववीच्या मुलांचे संशोधन प्रकल्प: प्रश्न त्यांचा, टेपही त्यांच्याच हातात

माणदेशी_बाई · रविवार, सकाळी १०.२०

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते. गेल्या वर्षी नववीच्या चार मुलींनी पाच महिने खपून एक प्रकल्प केला. त्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे आणि शेवटी तुमच्याकडून थोडी मदतही हवी आहे.

आमच्याकडे 'प्रकल्प' म्हटलं की मुलं तालुक्याच्या गावी स्टेशनरीच्या दुकानात जातात. थर्माकोल, रंगीत कागद, छापील चित्रं, पवनचक्कीची मोटर, सगळं एका पिशवीत मिळतं. प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी आणि तेच पावसाचं पाणी साठवणारं घर. मुलं पाठ केलेलं बोलतात, मध्येच काही विचारलं की पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतात. असे कितीतरी प्रकल्प मी तपासले, गुणही दिले. त्यातल्या एकाही मुलाला काही शोधल्याचा आनंद झालेला मला आठवत नाही.

गेल्या वर्षी सहामाहीनंतर जलसुरक्षेच्या तासाला मी चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितलं, "पाण्याबद्दलची, तुम्हाला खरोखर न कळलेली एक गोष्ट लिहा." बहुतेकांनी पुस्तकाच्या स्वाध्यायातलेच प्रश्न उतरवले. एका चिठ्ठीवर होतं, "आमची हीर संक्रांतीलाच आटती आन चुलत्याची शिमग्यापतोर टिकती. वढा तर एकच हाय. आसं का?"

हा प्रश्न मी तिथल्या तिथे उचलला, कारण मलाही त्याचं उत्तर येत नव्हतं.

तिच्यासोबत आणखी तिघी तयार झाल्या. त्या ओढ्याच्या दोन्ही अंगांना मिळून नऊ विहिरी आहेत. दर रविवारी सकाळी सात वाजता विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं ठरलं. कठडा नसलेल्या विहिरीवर जायचं नाही, एकटीने जायचं नाही आणि घरचं मोठं माणूस सोबत असल्याशिवाय टेप सोडायचा नाही, हे तीन नियम मी घातले. बाकीचं सगळं त्यांनी ठरवलं. नऊपैकी दोन विहिरींना कठडा नव्हता, म्हणून त्या सोडल्या. एका मालकाने "मोजून सरकारला कळवणार, मग पाणीपट्टी बसवणार" म्हणत हात जोडले. राहिल्या सहा.

पहिले तीन आठवडे वाया गेले. मुलींनी सुती दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारल्या होत्या आणि खाली दगड बांधला होता. आकडे विचित्र येत होते. एकीने ओली दोरी शाळेच्या व्हरांड्यात पसरून मोजली, तर दहा मीटरची दोरी नऊ मीटर साठ सेंटिमीटर भरली. सुती दोरी भिजली की आखडते. ही गोष्ट मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगू शकले असते का? खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात आली नव्हती. मग एकीच्या वडिलांकडून गवंडीकामाचा तीस मीटरचा टेप आणला. त्याच्या टोकाला एक जड नट आणि पालथी स्टीलची वाटी बांधली. वाटी पाण्याला टेकली की 'टप्' असा आवाज येतो, त्यामुळे वाकून बघायची गरज उरत नाही. प्रत्येक विहीर तीनदा मोजायची आणि तिन्हींचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा, घ्यायचा. सांख्यिकीचं प्रकरण मी फळ्यावर शिकवलं तेव्हा अर्धा वर्ग पेंगत होता. या चौघींना मध्यक कशासाठी असतो ते विहिरीवर कळलं.

आता या प्रकल्पातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. जानेवारीत त्यांनी आलेख काढला. पाणी सरळ खाली जायला हवं होतं, पण रेघ करवतीच्या दात्यांसारखी आली. एका रविवारी पाणी खाली, पुढच्या रविवारी किंचित वर, मग पुन्हा खाली. पाऊस नाही, काही नाही, तर पाणी वर कसं येईल? मला वाटलं मोजण्यातच चूक आहे, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. मुली गप्प बसल्या. दोन दिवसांनी प्रश्नवाली मुलगी मधल्या सुट्टीत धावत आली, "मॅडम, ह्ये लाइटचं हाय!"

शेतीपंपाची थ्री फेज लाइट आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, अशी पाळीने येते. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटर पहाटेपर्यंत चालते आणि सातला मोजलं की विहीर उपसलेली सापडते. दिवसपाळीच्या आठवड्यात रात्रभर झरे पाझरतात, सकाळपर्यंत पाणी चढलेलं असतं. तिने वडिलांना विचारून पाळीची तारीख न तारीख लिहून आणली होती. दाते तंतोतंत जुळले.

तिथून पुढे त्यांनी मोजण्याची पद्धतच बदलली. मोटर बंद झाली की दर पंधरा मिनिटांनी दोन तास पाणी किती चढतं ते मोजायचं, दोन्ही विहिरींवर, एकाच आठवड्यात. चुलत्याची विहीर जवळजवळ तिप्पट वेगाने भरत होती. दोन्हींची खोली सारखी, आजोबांच्या भाषेत सात परस (परस म्हणजे माणसाच्या उंचीवरून धरलेलं खोलीचं जुनं माप). मग चौकशीत कळलं की चुलत्याने काही वर्षांपूर्वी विहिरीत दोन आडवे बोअर मारून घेतले होते. घरातल्या घरात ही गोष्ट कुणाला फारशी माहीत नव्हती, आणि माहीत झाल्यावर थोडी कुरबूरही झाली.

अहवालाच्या शेवटी मुलींनी लिहिलं, "आडवे बोअर हे कारण असू शकते. पण चुलत्यांची विहीर नालाबांधाच्या जवळ पण आहे. म्हणून कोणते कारण किती, हे आम्हाला सांगता येत नाही." हे वाक्य मी त्यांना सुचवलेलं नाही.

या वर्षी नववीत अडतीस मुलं आहेत आणि सगळ्यांनाच असं काहीतरी करायचं आहे. म्हणून विचारते. मुलांना प्रश्न निवडायला मदत कशी करावी? मोठ्यांनी कुठपर्यंत सांगावं आणि कुठे थांबावं? अहवाल कसा लिहून घ्यावा?

---

कातळ · रविवार, दुपारी १.०५

बाई, भूजलाच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो. तुमच्या मुलींनी जे केलं त्याला आमच्याकडे विहीर भरून येण्याची चाचणी म्हणतात, आणि ती आम्हीही अशीच करतो. घड्याळ, टेप आणि चिकाटी. पालथ्या वाटीचं तत्त्वही जुनंच आहे. त्यासाठी घंटेच्या आकाराचा लोखंडी गोळा मिळतो. त्यांनी ते तत्त्व स्वतः शोधलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

दोन विहिरींत फरक का, याबद्दल थोडं. आपल्या दख्खनच्या बसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, पाणी वाळूत मुरल्यासारखं सगळीकडे सारखं नसतं. वरच्या मुरमात आणि खालच्या कातळाच्या भेगांत ते असतं. एका विहिरीला भेग लागली आणि पन्नास फुटांवरच्या दुसरीला लागली नाही, असं सर्रास दिसतं. आडवे बोअर मारतात ते अशी भेग गाठायलाच. म्हणजे मुलींकडे आता तिसरंही संभाव्य कारण आहे. "सांगता येत नाही" हे त्यांचं वाक्य अगदी बरोबर आहे.

पुढच्या वर्षीसाठी एक सूचना. पाणी किती सेंटिमीटर चढलं यावर न थांबता किती लिटर आलं ते काढायला सांगा. विहिरीचा व्यास सहा मीटर असेल तर क्षेत्रफळ साधारण २८.३ चौरस मीटर. पाणी दहा सेंटिमीटर चढलं म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजेच सुमारे २,८३० लिटर. दोन विहिरींचे व्यास वेगळे असतील तर नुसत्या सेंटिमीटरची तुलना फसवते. व्यास मोजला होता का?

आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या मुलींनी सहा विहिरी दर आठवड्याला मोजल्या. लाइटच्या पाळीचे दाते चार नोंदींत कधीच दिसले नसते. ते दिसले केवळ नोंदी दाट होत्या म्हणून. हे त्यांना मुद्दाम सांगा.

---

माणदेशी_बाई · रविवार, दुपारी २.३०

@कातळ, व्यास मोजला नव्हता! चुलत्याची विहीर रुंदीला थोडी मोठीच आहे, म्हणजे प्रत्यक्षातला फरक तिपटीहूनही जास्त निघेल. मुली आता दहावीत आहेत, तरी उद्याच सांगते. त्या मोजल्याशिवाय राहणार नाहीत.

---

खाडीकाठ · रविवार, दुपारी ४.१२

मी ठाण्याची. माझा मुलगा गेल्या वर्षी नववीत होता आणि डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसला होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही स्पर्धा मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांची संघटना १९८१ पासून घेते, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, आणि त्यातून पुढे गेलेल्यांना मुलाखतीसोबत कृती-संशोधन प्रकल्प करायचा असतो. कल्पना फार सुंदर आहे. मूल आपल्या परिसरातला एक प्रश्न घेतं आणि त्यावर काही महिने काम करतं.

त्रास झाला तो वेगळाच. आम्ही एका क्लासला चौकशी केली, तर त्यांनी तयार विषयांची यादीच पुढे ठेवली. अहवाल, फोटो, तक्ते, सगळं ते देणार, मुलाने फक्त मुलाखतीची तयारी करायची. पैसे भरणाऱ्या पालकांची रांग होती. माझा मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "आई, मग मी काय करायचं?" आम्ही तिथे नाव घातलं नाही. त्याने आमच्या इमारतीतल्या ओल्या कचऱ्यावर काम केलं, तीन महिने रोज वजन केलं. पदक मिळालं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, त्याला माझ्याहून कमी. तो अजूनही कचऱ्याचा डबा उचलला की अंदाजाने किलो सांगतो आणि तो बहुतेक बरोबर असतो.

---

जुना_फळा · रविवार, सायंकाळी ७.५०

मी निवृत्त शिक्षक. "मोठ्यांनी कुठे थांबावं" या प्रश्नावर मला एका शाळकरी मुलाची गोष्ट सांगाविशी वाटते. ती मी माझ्या प्रत्येक नववीला सांगत आलो.

१९६३ साल. आफ्रिकेतला टांगानिका, आजचा टांझानिया. मगांबा माध्यमिक शाळेत एरास्टो म्पेंबा नावाचा मुलगा शिकत होता. शाळेत मुलं आइस्क्रीम करायची. दूध उकळायचं, साखर घालायची, निवू द्यायचं आणि मग बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं. कप्प्यात जागा कमी आणि मुलं जास्त. जागा जाईल म्हणून म्पेंबाने दूध गरम असतानाच आत सारलं. थोड्या वेळाने पाहिलं तर त्याचं गोठलेलं आणि न उकळताच साखर घालून दूध ठेवणाऱ्या मित्राचं अजून पातळच. शिक्षकांना विचारलं तर ते म्हणाले, तुझा काहीतरी घोटाळा झालाय, असं होऊच शकत नाही. पुढेही तो प्रश्न विचारत राहिला आणि वर्गात त्याची टिंगल होत राहिली.

नंतर तो इरिंगाच्या म्क्वावा हायस्कूलमध्ये गेला. तिथे दार-एस-सलामच्या विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेनिस ऑसबर्न व्याख्यानाला आले. म्पेंबाने उभं राहून तोच प्रश्न विचारला. मुलं हसली. ऑसबर्न हसले नाहीत. त्यांनी परत जाऊन प्रयोगशाळेत तो प्रयोग करून पाहायला लावला. १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख प्रसिद्ध झाला आणि त्या परिणामाला आज म्पेंबाचं नाव आहे.

पुढचा भाग मुलांना सांगायला विसरू नका. हा परिणाम खरोखर घडतो का, कोणत्या परिस्थितीत घडतो, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजूनही वाद आहे. २०१६ मध्ये दोन संशोधकांनी काटेकोर मोजमाप करून असा परिणाम दाखवता येत नाही, असं लिहिलं. थर्मामीटर कुठल्या उंचीवर धरला यानेही उत्तर बदलतं. म्हणजे शाळकरी मुलाने विचारलेला प्रश्न साठ वर्षं पुरला!

बाई, "मोजण्यातच चूक आहे" असं तुम्ही मुलींना म्हणालात, ते तुम्ही इथे मोकळेपणाने लिहिलंत. मीही माझ्या नोकरीत असं किती मुलांना म्हणालो असेन, आणि त्यातली किती दोन दिवसांनी परत आली नसतील. ते मला आता टोचतं. माझं मत असं. मुलाच्या आकड्यावर शंका जरूर घ्यावी, पण "चूक आहे" म्हणण्याऐवजी "पुन्हा मोजून बघूया, मी पण येतो" म्हणावं.

---

रानवाट७ · रविवार, रात्री ९.१५

शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन.

---

शेतकरी_बाप · रविवार, रात्री १०.४०

सगळं वाचलं. कौतुक आहेच. पण दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. माझी मुलगी नववीत आहे. पुढच्या वर्षी बोर्ड. आमच्यासारख्यांच्या घरात मुलीचं शिक्षण दहावीच्या टक्क्यांवर टिकून असतं. टक्के कमी पडले की घरातले लगेच स्थळं बघायला लागतात. अशा वेळी पाच महिने विहिरी मोजण्यात घालवणं कितपत परवडतं? शहरातल्या मुलांचं ठीक आहे, त्यांना पुढे दहा वाटा असतात. आणि रविवारी आमच्या पोरी शेतात असतात.

---

माणदेशी_बाई · सोमवार, सकाळी ६.५०

@शेतकरी_बाप, राग कसला? तुम्ही लिहिलंत ते माझ्या गावातल्या प्रत्येक घरात बोललं जातं. या चौघींच्या घरीही बोललं गेलं.

वेळेचा हिशेब सांगते. रविवारी सकाळी पावणेसात ते सव्वाआठ, म्हणजे दीड तास. विहिरी शेतातच आहेत, त्यामुळे त्या तशाही तिकडे जाणारच होत्या. मोजणी झाली की कामाला. आलेख आणि गणित शाळेच्याच तासाला केलं, घरी काही दिलं नाही. एक मुलगी कांदा काढणीच्या दिवसांत तीन रविवार आली नाही. तिच्या विहिरीच्या रकान्यात "नोंद नाही" लिहिलं. आकडा अंदाजाने भरला नाही.

टक्क्यांबद्दल मी कसलंही वचन देणार नाही. चौघींचे गणिताचे गुण वाढले, पण ते प्रकल्पामुळेच वाढले असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. एवढं मात्र पाहिलं, की ज्या मुलीच्या घरी तिचं शिक्षण थांबवायची भाषा चालली होती, तिच्या वडिलांनी स्वतः बसून लाइटच्या पाळ्यांच्या तारखा आठवून दिल्या. आता ते मोटर कधी चालवायची हे तिला विचारतात. घरात मुलीच्या शब्दाला वजन आलं. तुमच्या लेकीला गटात घ्यायचं झालं तर दहावीचं ओझं होणार नाही असं, एका सत्रात संपणारं काम घ्यायला लावा तिच्या शिक्षकांना.

---

वही_पेन · सोमवार, दुपारी ३.२५

मी अकरावीत आहे, कोल्हापूरला. इथे लिहू का नको असं वाटत होतं, पण अहवालाबद्दल विचारलंय म्हणून लिहिते.

मी आठवीत असताना राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत भाग घेतला होता. ती १९९३ पासून होते, १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी, आणि प्रकल्प आपल्या भाषेत मांडता येतो. आम्ही मराठीतच मांडला. आमचा विषय होता, शाळेत रोज किती खिचडी वाया जाते. मैत्रिणीच्या बाबांच्या किराणा दुकानातला वजनकाटा आणला आणि उरलेल्या खिचडीची बादली रोज मोजली, तीस दिवस. आमचा अंदाज होता की मसूर असलेल्या दिवशी जास्त वाया जाते, कारण आम्हालाच मसूर आवडत नव्हती. निघालं भलतंच. शनिवारी सगळ्यात जास्त वाया जायची, मग डाळ कुठलीही असो. शनिवारी शाळा सकाळची, मुलं घरी जाऊन जेवायची. मसुरीवर आम्ही उगाच आळ घेतला होता. शाळेने नंतर शनिवारी तांदूळ कमी शिजवायला सुरुवात केली.

आम्ही जिल्ह्याच्या पुढे गेलो नाही. पण परीक्षकांनी आमची नोंदवही बराच वेळ वाचली, तेव्हा खूप छान वाटलं होतं.

अहवालाचं मला जे कळलं ते असं. नोंदवही आणि अहवाल या दोन वेगळ्या गोष्टी. नोंदवही रोजची, पेनानेच लिहायची, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची पण खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. आमच्या वहीत एके दिवशी "बादलीसकट वजन केले, बादलीचे वजा करायचे राहिले" असं लिहिलंय. त्यामुळेच नंतर चूक सापडली. अहवालात सुरुवातीला आम्हाला काय वाटत होतं ते लिहायचं आणि ते चुकीचं निघालं तरी बदलायचं नाही. सरांनी आम्हाला ते बदलू दिलं नाही म्हणून मसुरीची गोष्ट राहिली. नाहीतर आम्ही "आमचा अंदाज बरोबर आला" असंच लिहिणार होतो, कारण सगळे तसंच लिहितात.

आणि बाई, प्लीज प्रस्तावनेत "पाणी म्हणजे जीवन" लिहायला लावू नका. आम्हाला ते पान लिहायचा खूप कंटाळा यायचा.

---

दगडी_ज्योत · सोमवार, सायंकाळी ६.००

विज्ञानाचं चाललंय तिथे इतिहासवाली घुसते. संशोधन म्हणजे मोजणं एवढंच नाही, विचारणं आणि पडताळणं हेही संशोधनच.

माण तालुका आहे म्हणून सुचवते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी कमावत्या वयात पाहिला ती माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत किंवा त्यापुढे. प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा वाडीतल्या तीन म्हाताऱ्या माणसांना तेच पाच प्रश्न विचारायचे. कामावर कुठे गेलात? खडी फोडली की तलाव खोदला? मजुरी काय मिळाली? काय खाल्लंत? जनावरांचं काय केलंत? सुकडी (तेव्हा वाटलेला कोरडा पौष्टिक खाऊ) आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी यांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. मग गावातला कुठला रस्ता, कुठला पाझर तलाव तेव्हाचा, ते नकाशावर मांडायचं. दोन आजोबा एकाच तलावाची दोन वेगळी सालं सांगतील. तिथेच खरं काम सुरू होतं. "तेव्हा तुमचा थोरला मुलगा किती वर्षांचा होता?" असं विचारलं की साल पक्कं होतं. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना त्याच दुष्काळाच्या अनुभवातून उभी राहिली आणि तिचा कायदा १९७७ मध्ये झाला, हे पुस्तकातलं वाक्य मग मुलांना आपल्या आजीशी जोडलेलं दिसतं.

आणि बाई, तुमच्या सहा विहिरी कधी खोदल्या, कुणी खोदल्या, हे विचारलंत का? माझा अंदाज, एखादी तरी बहात्तरची निघेल.

एक पथ्य. आठवणी सांगताना माणसं रडतात. मुलांना आधी सांगून ठेवा की अशा वेळी वही मिटून नुसतं शेजारी बसायचं.

---

नेकारकाठ · सोमवार, रात्री ११.३० (जर्मनी)

श्टुटगार्टहून लिहितोय. इथे 'युगेंट फोर्श्ट' नावाची स्पर्धा आहे, शब्दशः अर्थ 'तरुणाई संशोधन करते'. 'श्टेर्न' साप्ताहिकाचे तेव्हाचे संपादक हेन्री नानेन यांनी ती १९६५ मध्ये सुरू केली. वयाची वरची मर्यादा २१ वर्षं, लहान मुलांचा वेगळा गट, जास्तीत जास्त तिघांनी मिळून काम करायचं, सात विषयक्षेत्रं आणि लेखी अहवाल १५ पानांच्या आत. विषय मुलांनी आपला आपण निवडायचा.

माझी आई दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून आली होती. घराजवळच्या चौकात पादचाऱ्यांचा हिरवा दिवा तिला पुरायचा नाही, अर्ध्या रस्त्यातच लाल व्हायचा. तेरा वर्षांच्या मुलाने तेच धरलं. आजीला ओलांडायला किती सेकंद लागतात, शेजारच्या वृद्धाश्रमातल्या लोकांना किती, काठी असली तर किती, पाऊस असला तर किती. मी त्याला आलेखाचं सॉफ्टवेअर दाखवलं, बस.

बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं एक व्यवहारी उत्तर इथे मिळालं. कुणी काय मदत केली ते अहवालात स्पष्ट लिहावं लागतं. आमच्या मुलाने लिहिलं, "आलेख कसा काढायचा ते वडिलांनी दाखवलं. प्रश्न आजीचा आहे." मदत घेणं गैर मानत नाहीत, लपवणं मानतात. परीक्षक मुलाशी बोलतात तेव्हा पाच मिनिटांत कळतंच की त्याचं काय आणि बाकीच्यांचं काय.

---

खाडीकाठ · मंगळवार, सकाळी ९.०५

"प्रश्न आजीचा आहे" वाचून डोळे भरून आले.

माझीही भर घालते. एमिली रोझा नावाच्या अमेरिकन मुलीने नऊ वर्षांची असताना, १९९६ मध्ये, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग सुरू केला होता. हाताने न शिवता दुसऱ्याच्या शरीराभोवतीची 'ऊर्जा' जाणवते असं म्हणणारे उपचारक असतात ना, तशा २१ जणांना तिने पुठ्ठ्याच्या पडद्याआडून हात घालायला सांगितलं. नाणं उडवून ती त्यांच्या एका हाताजवळ आपला हात धरायची आणि कुठल्या हाताजवळ आहे ते विचारायची. २८० वेळा विचारलं, १२३ उत्तरं बरोबर आली. म्हणजे ४४ टक्के, नुसत्या अंदाजाने यावीत त्याहूनही कमी. १९९८ मध्ये ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. लागलं काय, तर पुठ्ठा, टॉवेल, नाणं आणि वही. आमच्या भागातल्या क्लासच्या फीशी याची तुलना करून बघा.

---

कातळ · मंगळवार, सकाळी ११.४०

अडतीस मुलांचा विचार करत होतो. प्रश्न निवडताना मी चाळणी एकच लावेन. उद्या सकाळी, कुठलीही वस्तू विकत न आणता, या प्रश्नाचा पहिला आकडा किंवा पहिली नोंद वहीत येऊ शकते का? येत असेल तर घ्या. "माण तालुक्यातील पाणीटंचाई व उपाय" या विषयाचा पहिला आकडा कुठून आणणार? "आमच्या नळाला पाणी किती मिनिटं येतं?" याचा उद्याच येतो. मोठे विषय मुलं इंटरनेटवरून उतरवतात, कारण त्यांत मोजण्यासारखं त्यांच्या हाताशी काही नसतं.

आणि हात जोडणाऱ्या त्या मालकांना पुन्हा भेटा. मागच्या वर्षीचा आलेख दाखवायला न्या.

---

माणदेशी_बाई · बुधवार, रात्री ९.२०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काय केलं ते लिहिते.

काल वर्गात म्पेंबाची गोष्ट सांगितली. नंतर आइस्क्रीमवरच अर्धा तास वाद झाला. दोन मुलांना घरच्या फ्रिजमध्ये करून बघायचं आहे. त्यांना थर्मामीटरबद्दल मी अजून काही सांगितलेलं नाही.

आज चिठ्ठ्या घेतल्या आणि कातळ यांची चाळणी लावली. एकोणीस चिठ्ठ्या गळाल्या. उरलेल्यांतून मुलांनी आपसात बोलून नऊ गट केले. काही प्रश्न असे: शाळेच्या आवारातल्या दोन कडुलिंबांपैकी एकाचीच पानं आधी का गळतात? एसटी किती मिनिटं उशिरा येते आणि कुठल्या वारी जास्त? मेंढ्या कुठली झाडं खात नाहीत? हा शेवटचा प्रश्न एका धनगर मुलाचा आहे. तो वर्गात क्वचितच बोलतो. त्याला आत्ताच सोळा झाडं माहीत आहेत, त्यांतल्या चारांची नावं मला ठाऊक नव्हती. त्याच्या गटात मीच विद्यार्थी म्हणून जाणार आहे.

नववा गट दगडी_ज्योत यांचा दुष्काळ करणार आहे. विहिरींचं विचारलं. सहापैकी दोन बहात्तरच्या-त्र्याहत्तरच्या. चुलत्याची विहीर त्यांत नाही.

प्रत्येक अहवालाच्या शेवटी "कोणी काय मदत केली" असं पान असेल. वही_पेन, तुझा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे, प्रस्तावनेच्या सूचनेसकट. ते पान रद्द.

दहावीच्या मुलींनी व्यास मोजले. एक ५.८ मीटर, दुसरी ६.४ मीटर. लिटरचा हिशेब रविवारी करणार आहेत. हात जोडलेल्या मालकांकडे त्या आलेख घेऊन गेल्या होत्या. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला, चहा दिला, मोजू देण्याबद्दल मात्र काही बोलले नाहीत. मुली दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहेत.

लिटरचा आकडा आला की इथेच लिहिते.